भोजनातील ‘मत्ता’ : आहारविकारातून सावरणाऱ्यांसाठी धम्मदृष्टी

‘भोजने मत्तञ्ञुता’ ही संज्ञा पालि साहित्याच्या प्रत्येक अभ्यासकाला परिचित आहे. इंद्रियांचे रक्षण, भोजनातील मात्रेचे ज्ञान आणि जागरूकता हे तीन गुण निकायांमध्ये वारंवार एकत्र सांगितले आहेत. उपासक-उपासिकांच्या प्रवचनांतून मात्र या संज्ञेचा अर्थ बहुधा ‘कमी खावे’ एवढाच उरतो. निरोगी आणि भरल्या घरच्या श्रोत्याला या अर्थाने फारशी इजा होत नाही. परंतु ज्या व्यक्तीचे अन्नाशी असलेले नातेच आजाराने बिघडले आहे, तिच्या कानी हा अर्थ पडला तर तो विषासारखा काम करू शकतो. म्हणून या संज्ञेचा मूळ आशय तपासणे आणि आहारविकारातून सावरणाऱ्या माणसाला त्यातून कोणता आधार मिळतो हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आहारविकार म्हणजे काय?

वैद्यकशास्त्र ज्यांना आहारविकार म्हणते, त्यांचे तीन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्यात, म्हणजे ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’मध्ये, वजन वाढण्याच्या तीव्र भीतीने व्यक्ती अन्न टाळत जाते, शरीर धोकादायक रीतीने कृश झाले तरी तिला ते स्थूलच भासते. दुसऱ्यात, ‘बुलिमिया नर्व्होसा’मध्ये, ताबा सुटून पुष्कळ खाल्ले जाते आणि मग उलटी, जुलाबाची औषधे, कडक उपास किंवा अतिरेकी व्यायाम यांनी ते ‘फेडले’ जाते. तिसऱ्या प्रकारात ताबा सुटून खाणे असते, त्यामागोमाग खोल लाज असते, पण फेडण्याची क्रिया नसते. 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत या तिसऱ्या प्रकाराला स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. हे विकार स्त्रियांत अधिक आढळतात. पुरुषही त्यांतून सुटलेले नाहीत.

हे हट्ट नव्हेत, नखरे नव्हेत आणि दुबळ्या शीलाचे लक्षणही नव्हे. उपासमारीने हृदयाचे ठोके मंदावतात, हाडे ठिसूळ होतात, मासिक पाळी थांबते. वारंवार उलटी केल्याने रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. मानसिक आजारांपैकी ज्यांत जीव जाण्याचा धोका मोठा आहे, अशांमध्ये अॅनोरेक्सियाची गणना होते.

विसरवाडीला हा प्रश्न लागू आहे काय?

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. विसरवाडी हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील, धुळे-सुरत महामार्गावरचे गाव. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा आदिवासीबहुल आहे आणि त्याचे नाव वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे येत आले आहे ते बालकांच्या कुपोषणामुळे. जेथे अन्न पुरत नाही म्हणून माणसे कृश होतात, तेथे असलेले अन्न नाकारण्याच्या आजाराची चर्चा कशाला? हा तर मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांचा रोग, असे कोणी म्हणेल.

हा आक्षेप वरवर योग्य वाटतो; पण त्यामुळेच आजार लपतो. अंगणवाडीतील वजनकाटा सहा वर्षांखालील बालकांवर लक्ष ठेवतो. सतरा वर्षांची मुलगी ताटातली भाकर हळूच भावाच्या ताटात सरकवते, तेव्हा ते पाहणारे घरातल्यांखेरीज कोणी नसते. तिचे रोडावणे गरिबीच्या, रक्तक्षयाच्या किंवा अभ्यासाच्या ताणाच्या खाती जमा होते. तिने उपास धरला तर कौतुकही होते. दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांच्या पडद्यावरील सडपातळ देहाचा आदर्श आज महामार्गावरच्या गावात आणि मुंबईच्या चाळीत एकाच वेळी पोहोचतो. ‘मुलगी जाड आहे’ हा स्थळ पाहणाऱ्यांचा शेरा तर आपल्या समाजात फार जुना आहे.

आंबेडकरी समाजाच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. आपले अन्नाशी असलेले नाते शतकानुशतके इतरांनी ठरवले. उष्टे-शिळे अन्न आणि मृत जनावराचे मांस हे जातिव्यवस्थेने लादलेले ताट होते. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते ताट नाकारण्याचे आवाहन केले. ते उपाशी राहण्याचे आवाहन नव्हते. स्वाभिमानाने जेवण्याचे होते. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) या पुस्तकाने मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची जी नोंद केली, ती वाचताना अन्न आणि अपमान हे किती जवळ नांदत होते ते ध्यानी येते. 1972 च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेली आजी नातीला ‘ताट पुसून खा’ म्हणते, तेव्हा तिच्या शब्दांमागे भुकेची खरी आठवण असते. नातीच्या मनात त्याच वेळी वजनकाट्याची भीती असते. एकाच स्वयंपाकघरात दोन पिढ्यांची दोन भये एकमेकींना ओळखत नाहीत. म्हणून हा प्रश्न विसरवाडीचा आहे आणि आपलाही आहे.

उपासमारीतून परतलेले सिद्धार्थ

मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात भगवंतांनी स्वतःच्या उग्र तपश्चर्येचे वर्णन केले आहे. ते मूग, कुळीथ, वाटाणा अशा कडधान्यांच्या ओंजळभर कढणावर राहिले. परिणामी पाठीचा कणा माळेतील मण्यांसारखा उठून दिसू लागला, बरगड्या मोडक्या छपराच्या वाशांसारख्या झाल्या, डोळे खोल विहिरीतील पाण्यासारखे आत गेले, पोटाची कातडी कण्याला भिडली आणि अंगावरून हात फिरवताच केस मुळासकट गळू लागले. उपासमारीचे इतके अचूक शारीरिक वर्णन प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

येथे एक सावधगिरी हवी. सिद्धार्थांना आहारविकार होता असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. त्यांचा हेतू विमुक्तीचा होता. देहाच्या आकाराची भीती त्यामागे नव्हती. तथापि हेतू कोणताही असो, उपाशी शरीराचे नियम बदलत नाहीत आणि परतण्याची वाटही फारशी बदलत नाही. म्हणून पुढचा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा आहे.

सिद्धार्थांना बालपणीची, जांभळीच्या सावलीतील सहज एकाग्रतेची आठवण झाली. त्यांनी स्वतःलाच विचारले की, ज्या सुखात कामवासना नाही आणि अकुशल काही नाही, त्या सुखाचे मी भय का बाळगतो? भय बाळगण्याचे कारण नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. लगेच दुसरा विचार आला : इतक्या कृश झालेल्या शरीराने ते सुख मिळणे सोपे नाही. मग त्यांनी भात आणि कुम्मास हा घन आहार घेतला.

या क्रमाकडे बारकाईने पाहावे. आधी भयाची ओळख, मग त्या भयाला आधार नाही हा निर्णय, मग शरीराची गरज मान्य करणे आणि शेवटी प्रत्यक्ष घास. आहारविकारातून सावरणाऱ्या व्यक्तीला प्रत्येक जेवणाच्या वेळी यांपैकी बहुतेक पायऱ्या चढाव्या लागतात. तिच्या दृष्टीने समोरचा भात हा केवळ भात नसतो. त्यात सुखाचे भय मिसळलेले असते.

महासच्चक सुत्तात सुजातेचे नाव येत नाही; खिरीचा प्रसंग नंतरच्या निदानकथेत विस्ताराने येतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या 1957 साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो स्वीकारला आहे आणि क्षुधा-तृषेने थकलेल्या, अस्वस्थ मनाला मनानेच गाठायचे ध्येय कसे गाठता येईल, हा तर्क कष्टसाधनेच्या त्यागामागे ठेवला आहे. भूक ही साधना नव्हे, हा धम्माचा पाया आहे.

त्या घासाची किंमतही सिद्धार्थांना मोजावी लागली. पाच सहकारी त्यांना सोडून गेले. हा आता ऐषारामाकडे वळला, असा त्यांचा ठपका होता. सावरणाऱ्या मुलीला आजही हेच ऐकावे लागते. ‘आता बरी दिसतेस, अंगाने भरलीस’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात कौतुक असते; ऐकणारीला त्यात पाच परिव्राजकांचा ठपका ऐकू येतो. निंदा झाली म्हणून सिद्धार्थांनी पुन्हा उपास धरला नाही, हे तिला सांगण्याजोगे आहे. आणि आपण त्या पाचांच्या जागी उभे राहू नये, हे स्वतःला सांगण्याजोगे आहे.

‘मत्ता’ या शब्दाचा आशय

पालि ‘मत्ता’ म्हणजे संस्कृत ‘मात्रा’. ‘मत्तञ्ञू’ म्हणजे मात्रा जाणणारा. मराठीत ‘मात्रा’ हा शब्द औषधाच्या प्रमाणासाठी वापरतात आणि औषध गुणकारी ठरले की ‘मात्रा लागू पडली’ असे म्हणतात. हा अर्थ मूळ आशयाच्या अगदी निकट आहे. औषधाची मात्रा रोग्यानुसार ठरते. ती कमी पडली तर रोग हटत नाही, जास्त झाली तर नवा रोग होतो. ‘मात्रा जाणणे’ आणि ‘मात्रा घटवणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत.

भिक्खू भोजनापूर्वी जे प्रत्यवेक्षण करतात, त्यातही हाच समतोल आहे. अन्न क्रीडेसाठी, मदासाठी, अंग भरवण्यासाठी वा देह सजवण्यासाठी घ्यायचे नाही. शरीर टिकावे, पीडा शमावी आणि श्रेष्ठ जीवनाला साहाय्य व्हावे म्हणून घ्यायचे. त्यापुढे दोन वेदनांचा उल्लेख येतो. जुनी वेदना शमवायची आणि नवी उत्पन्न होऊ द्यायची नाही. अट्ठकथेनुसार जुनी वेदना म्हणजे भूक आणि नवी वेदना म्हणजे अतिभोजनाचा त्रास. भुकेला या पाठात ‘शत्रू’ किंवा ‘मोह’ म्हटलेले नाही. ती शमवण्यास पात्र असलेली वेदना आहे. आणि देहाच्या सजावटीसाठी खाणे जसे वर्ज्य ठरते, तसे देहाच्या सजावटीसाठी न खाणेही त्याच न्यायाने वर्ज्य ठरते, असा निष्कर्ष त्यातून निघतो. आहाराला व्रणावरील लेपाची आणि गाडीच्या आसाला घातलेल्या वंगणाची उपमा दिली आहे. कोरड्या आसाची गाडी वाटेतच मोडते.

अल्पाहार हेच श्रेष्ठत्व मानणाऱ्यांना महासकुलुदायि सुत्त वाचावयास द्यावे. श्रमण गौतम अल्पाहारी आहेत म्हणून शिष्य त्यांचा आदर करतात, असे उदायी परिव्राजक म्हणतो. भगवान त्याला थांबवतात : माझे काही शिष्य बेलफळाएवढ्या, अर्ध्या बेलफळाएवढ्या अन्नावर राहतात, मी मात्र कधी कधी हे पात्र काठोकाठ भरून, त्याहूनही अधिक जेवतो. आदराचे कारण अल्पाहार असते, तर त्या शिष्यांनी माझा आदर केलाच नसता. एवढ्या स्पष्ट शब्दांत शास्त्याने स्वतःच्या भरल्या पात्राचा उल्लेख करावा, ही गोष्ट विहारांतून अधिक सांगितली गेली पाहिजे.

राजा पसेनदिचे ताट

दुसऱ्या टोकाचे उदाहरण संयुक्त निकायातील दोणपाक सुत्तात आहे. कोसलचा राजा पसेनदि द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा भरपेट जेवून धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला दोष दिला नाही. भोजनात मात्रा जाणणाऱ्या स्मृतिमान माणसाच्या वेदना हलक्या होतात आणि त्याचे आयुष्य राखले जाते, अशा आशयाची एक गाथा ते बोलले. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला सांगितली आणि जेवणाच्या वेळी ती म्हणण्याबद्दल रोज शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजाचे भोजन नाळीभर भातावर स्थिरावले आणि पुढे तो स्वतःच्या हलक्या झालेल्या शरीरावरून हात फिरवीत समाधान व्यक्त करू लागला.

या कथेतून घ्यायचे काय? पहिली गोष्ट, निर्भर्त्सना नाही. दुसरी, बदल एका दिवसात नाही. तिसरी, ताटाजवळ सोबत आहे. एकट्याने, दार लावून, लपून खाणे हा ताबा सुटण्याचा नेहमीचा प्रसंग. सोबत बसलेला मित्र तो प्रसंगच बदलून टाकतो. अॅनोरेक्सिया झालेल्या किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात 1980 च्या दशकात विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारातही आईवडील ताटाजवळ बसून मुलाला जेवण्यास धीर देतात. सुदस्सनाचे काम ते करतात.

मात्र कथेची अंधानुकरणे करू नयेत. पसेनदिला कमी करायचे होते. ताबा सुटून खाणाऱ्या आजाऱ्याचे पहिले पाऊल सहसा वेगळे असते. दिवसभर उपाशी राहून रात्री ताबा सुटतो, मग लाजेपोटी दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास, असे हे चक्र आहे. ते तोडण्यासाठी उपास थांबवावा लागतो. म्हणून ऑक्सफर्डच्या क्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत सुरुवातीलाच तीन जेवणे आणि मधली दोन-तीन लहान खाणी नियमित वेळी घेण्यावर भर असतो. दोन खाण्यांत चार तासांहून फार अंतर पडू नये हे पाहिले जाते.

भूकच मनाला अन्नाच्या विचारात बांधून ठेवते, याचा मोठा पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. 1944-45 मध्ये अॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांना पूर्वी असा कोणताही विकार नव्हता. तरी ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. भरपूर अन्न मिळू लागल्यावरही काहींचा खाण्यावरचा ताबा दीर्घकाळ सुटत राहिला. ज्याला आपण ‘खादाड मन’ म्हणतो, ते पुष्कळदा भुकेले शरीर असते.

नियम आणि करुणा

विनयात विकालभोजन वर्ज्य आहे आणि उपासक-उपासिका अष्टशील घेतात तेव्हा त्या दिवशी मध्याह्नानंतर जेवत नाहीत. वर्षावासात हे शील अनेक घरांत श्रद्धेने पाळले जाते. ‘उपोसथ’ या शब्दाच्या मुळाशी ‘जवळ राहणे’ हा अर्थ आहे. मराठीतील ‘उपास’ मात्र पोट रिकामे ठेवण्याशी जोडला गेला. आहारविकार झालेल्या व्यक्तीच्या हाती हे शील आजाराचे हत्यार बनू शकते. न खाण्याला पुण्याचे नाव मिळाले की कोणी प्रश्न विचारत नाही.

येथे भेसज्जक्खंधकातील प्रसंग मार्गदर्शक ठरावा. शरद ऋतूतील आजाराने भिक्खूंच्या पोटात अन्न ठरेना. ते कृश, निस्तेज, पिवळे पडले, अंगावर शिरा दिसू लागल्या. ते पाहून भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे योग्य काळी घेण्याची अनुज्ञा दिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा ती विकाळीही घेण्याची अनुज्ञा दिली. आजारी देहासमोर नियम थांबवणारा शास्ता आपल्याला लाभला आहे. म्हणून आहारविकारातून सावरणाऱ्या उपासिकेने विकालभोजनाचे शील घेऊ नये. पंचशील तिच्यासाठी पूर्ण आहे. संध्याकाळचे जेवण हे तिचे औषध आहे. भंतेजींनी हे तिला स्वतःहून सांगितले, तर तिच्या मनावरचे मोठे ओझे उतरेल.

ध्यानविषयांबाबतही असाच विवेक हवा. विसुद्धिमग्गात ‘आहारे पटिक्कूलसञ्ञा’ म्हणजे आहाराच्या किळसवाणेपणाची भावना हा एक कर्मस्थान-विषय आहे. देहाच्या अशुभाचे चिंतनही प्रसिद्ध आहे. रसलोलुप मनासाठी ही औषधे आहेत. ज्या मनाला अन्नाची आणि स्वतःच्या देहाची आधीच घृणा वाटते, त्याला ती देणे म्हणजे ज्वरात निखारे देणे होय. वेसालीचा प्रसंग संयुक्त निकायात आणि विनयात नोंदलेला आहे. अशुभभावनेचा अतिरेक होऊन भिक्खूंना देहाचा तिटकारा आला आणि त्यात अनेकांनी प्राण गमावले. एकांतवासातून परतलेल्या भगवंतांनी आनंदाच्या विनंतीवरून संघाला आनापानस्मृतीची शांत पद्धती शिकवली. साधना माणसाला घातक ठरत असेल तर ती बदलावी, हा या प्रसंगाचा धडा आहे.

रुग्ण आणि शुश्रूषा करणारा

अंगुत्तर निकायात शुश्रूषेला सोप्या रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. तो हितकर तेच करतो, हितकर गोष्टीतही मात्रा जाणतो, औषध घेतो, आपल्या आजाराची खरी स्थिती शुश्रूषा करणाऱ्यास सांगतो आणि वेदना सहन करतो. आहारविकार गुप्ततेवर जगतो, म्हणून यांतील चौथा गुण निर्णायक आहे. एका विश्वासाच्या माणसाला खरे सांगणे हीच बरे होण्याची सुरुवात होय. पण खरे सांगता येण्यासाठी ऐकणारा तसा हवा.

शुश्रूषा करणाऱ्याचेही पाच गुण तेथेच आहेत : औषध तयार करण्याचे सामर्थ्य, हितकर-अहितकराची जाण, लाभासाठी नव्हे तर मैत्रीपोटी सेवा, मलमूत्र, थुंकी आणि उलटी काढताना किळस नसणे आणि वेळोवेळी धम्मकथेने धीर देणे. उलटीचा उल्लेख येथे स्वतंत्रपणे आहे. उलटी करणाऱ्या मुलीकडे ज्या आईला किळस न करता पाहता येईल, तिलाच मुलगी खरे सांगेल.

व्यवहारात याचा अर्थ पुढीलप्रमाणे होतो. वजन झपाट्याने उतरणे, चक्कर, पाळी थांबणे, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणे, सर्वांबरोबर जेवण्याचे टाळणे, ही लक्षणे दिसली तर प्रथम डॉक्टरांना दाखवावे. विसरवाडीच्या परिसरातील कुटुंबासाठी नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय आहे. शासनाची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

फार दिवस उपाशी असलेल्या व्यक्तीला घरी एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे आहे. उपासमारीनंतर अचानक अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारखे क्षार झपाट्याने घटून हृदयावर आघात होऊ शकतो. तीव्र कुपोषित बालकांना पोषण पुनर्वसन केंद्रात प्रथम थोडे-थोडे, वारंवार, सौम्य दूधमिश्रण देतात आणि शरीर स्थिरावल्यावरच आहार वाढवतात, त्याचे कारण हेच. म्हणून सुरुवातीची मात्रा डॉक्टरांनी ठरवावी.

प्रकृती स्थिरावल्यावर घरचे साधे अन्नच उपयोगी पडते. ज्वारीची किंवा मक्याची भाकर, तुरीची वा उडदाची डाळ, भात, भाजी, शेंगदाणे, केळे. यांत महाग असे काही नाही. पदार्थांची ‘पवित्र’ आणि ‘पापी’ अशी विभागणी करू नये. जेवणाची वेळ ठरलेली असावी, कारण सुरुवातीला भुकेची जाणीव विश्वासार्ह नसते. घड्याळ तिचे काम करते. ताटावर भांडण नको, देहावर शेरा नको, इतरांच्या मुलींशी तुलना नको. विहारातील भोजनदानाच्या वेळी तिला आग्रहाने वाढू नये. शेजारी बसावे आणि दुसऱ्या विषयावर बोलावे.

वाटेत घसरण होईल. एका दिवसाच्या घसरणीने महिन्यांची वाटचाल वाया जात नाही. विनयात आपत्ती प्रकट केली की भिक्खू शुद्ध होऊन पुढे चालू लागतो. तिच्या नावाने तो स्वतःला उपाशी ठेवीत नाही. पुढचे जेवण ठरलेल्या वेळी घेणे, हेच येथे प्रायश्चित्त.

धम्मपद अट्ठकथेत आळवीच्या एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो उशिरा, उपाशीपोटी धम्मश्रवणास आला. त्याच्यासाठीच दूरवरून आलेल्या भगवंतांनी उपदेश सुरू केला नाही. उरलेले अन्न आहे का अशी चौकशी करून त्याला आधी जेवू घातले. त्याची भूक शमल्यावरच ते बोलू लागले. भिक्खूंना याचे नवल वाटले. भुकेसारखा दुसरा रोग नाही आणि भुकेल्या माणसाला धम्म कळणे शक्य नाही, असे स्पष्टीकरण त्यांना मिळाले.

आपल्या विहारांनी हा क्रम लक्षात ठेवावा. समोर आलेली मुलगी अन्नाअभावी उपाशी असो वा अन्नाच्या भयाने, मात्रेवरचे प्रवचन तिला नंतर ऐकवता येईल. आधी ती जेवली आहे का, हे प्रेमाने विचारावे आणि नसेल तर तिच्यासोबत जेवायला बसावे.